गलबतं इथूनही निघाली

मराठीत ‘मिशनरी’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे गोरा माणूस उभा राहतो. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार, मिरजेचा दवाखाना उभारणारे डॉक्टर वान्लेस. या मंडळींवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय, काही भक्तीने, काही रागाने. भक्ती असो की राग, माणूस तिकडून येणार आणि आपण इकडे त्याची वाट बघत किंवा त्याला शिव्या घालत बसणार, एवढं मात्र दोन्हीकडे ठरलेलं. प्रस्तुत संग्रह उलट दिशेने पाहतो. वसई आणि गोव्याच्या गावांतून समुद्रापलीकडे धर्मकार्याला गेलेली माणसं हा त्याचा विषय. हॉल आणि नॉट मुंबईला पोचायच्या १२६ वर्षं आधी सांकवाळचा एक पाद्री फाटक्या कपड्यांत जाफन्याला उतरला होता, हे मराठी वाचकाच्या गावीही नसतं. त्याच्याही आधी, १५९७ मध्ये, वसईचा एक माणूस जपानमध्ये क्रुसावर चढला होता.

संपादकांनी प्रस्तावनेसाठी लेखांचा गठ्ठा हाती दिला तेव्हा यात संतचरित्रांचा धूपच जास्त असणार, असं वाटलं होतं. धूप आहेच, नाही असं नाही. पण त्यातून एक गोष्ट पुन्हापुन्हा वर येते आणि मला तीच या विषयाची नाडी वाटते. लांब गेलेल्यांपैकी जे खरोखर मोठे ठरले, त्यांना आधी घरच्याच चर्चने दाराबाहेर उभं केलं होतं.

गोन्सालो गार्सिया यांच्यापासून सुरुवात करू. जन्म १५५६ च्या सुमारास, वसईत. वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असं बहुतेक चरित्रकार सांगतात. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या हाताखाली मुलगा वाढला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे तो जपानी इतकी चांगली शिकला की प्रवचनं देणं, लोकांना धर्मशिक्षण देणं ही कामं त्याच्याकडे आली. वर्षानुवर्षं हे करूनही त्याला संघात मात्र प्रवेश मिळाला नाही. मागत राहिला, मिळाला नाही. शेवटी तो व्यापारात पडला, त्यात त्याचं बस्तान बसलं, आणि तेही सोडून तो मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाला. धर्मबंधू म्हणजे दीक्षित धर्मगुरू नव्हे. मिस्सा अर्पण करायचा अधिकार नाही, स्वयंपाक, दाराची राखण आणि पडेल ते काम करायचं.

१५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फिलिपिन्सच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून जपानला निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून त्यांना हा वसईकर लागला. हिदेयोशीसारख्या संशयी आणि लहरी सत्ताधीशापुढे एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी माना उडायच्या. तिथे बोलायचं काम या माणसाकडे होतं. पुढचा इतिहास राजकारणाचा आहे. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळाने जपानच्या किनाऱ्याला लागलं, मालाच्या जप्तीवरून वाद पेटला, स्पेनच्या साम्राज्याच्या फुशारक्या हिदेयोशीच्या कानावर गेल्या आणि धरपकड सुरू झाली. क्योतोमध्ये कैद्यांच्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आलं. सगळ्यांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. गोन्सालो चाळिशीच्या आसपास.

१८६२ मध्ये रोमने या सव्विसांना संत घोषित केलं. त्याच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, निशिझाकावर जपानी शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेलं ब्राँझचं स्मारक उभं राहिलं. एका रांगेत सव्वीस आकृत्या, त्यांत एक आपल्या वसईचा. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, सण होतो, गर्दी होते. पण जेझुइटांनी त्यांना घेतलं नाही, हा भाग सणाच्या प्रवचनात सहसा घाईत आटोपला जातो. या संग्रहातला लेख तिथे थांबतो, हे मला आवडलं.

आता जुझे वाझ. संग्रहातला सर्वांत मोठा लेख त्यांच्यावर आहे आणि तो तसाच असायला हवा होता.

२१ एप्रिल १६५१ ला बाणावलीला आजोळी जन्म, घर सांकवाळचं. १६७६ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा. डचांनी जिंकलेल्या श्रीलंकेत कॅथलिकांचे हाल चालले आहेत, तीन दशकांत त्यांना धर्मगुरू दिसलेला नाही, हे गोव्यात कळत होतं. वाझना तिकडे जायचं होतं. वरिष्ठांनी आधी कानडा मुलखात पाठवलं. तिथे पोर्तुगीज राजाने नेमलेले धर्माधिकारी आणि रोमने थेट नेमलेले धर्माधिकारी यांची आपापसांत जुंपली होती आणि मधल्यामधे भाविकांची फरफट चालली होती. त्या भांडणात तीन वर्षं काढून ते परत आले.

गोव्यातल्या धर्मसंघांची दारं तेव्हा देशी माणसाला बंद होती. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, सगळ्यांची. देशी माणूस फार तर धर्मग्रामातला साधा पाद्री व्हायचा आणि गोऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली राबायचा. याच्या आधी दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात दीक्षाच नाकारली गेली. ते थेट रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली, १६३७ मध्ये बिशपही झाले आणि परत आल्यावर गोव्याच्या गोऱ्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानलंच नाही. शेवटी हा बिशप आदिलशाहीत डिचोलीला जाऊन राहिला. कास्त्रो आयुष्यभर भांडले. वाझ भांडले नाहीत. जुन्या गोव्याच्या टेकडीवर, चमत्कारी क्रुसाच्या चर्चमध्ये, काही देशी पाद्री एकत्र राहू लागले होते. १६८५ मध्ये वाझ त्यांना जाऊन मिळाले, त्यांचे प्रमुख निवडले गेले आणि संत फिलिप नेरीच्या नियमांवर ओरेटरी उभी राहिली. आपल्याला कोणी घेत नाही ना, मग आपलं आपण काढू, हा सरळ हिशोब. आशियातल्या माणसांनी आशियासाठी चालवलेला हा पहिलावहिला मिशनरी संघ, आणि तो जन्मला गोऱ्यांच्या नकारातून.

दुसऱ्याच वर्षी वाझ निघाले. बरोबर जॉन नावाचा एक तरुण सेवक. मलबारच्या किनाऱ्याने तुतीकोरीनपर्यंत आणि तिथून मजुराच्या वेषात गलबताने पलीकडे. पाद्र्याचा झगा घातला असता तर डचांनी बंदरातच धरलं असतं. कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणाऱ्याला देहदंड, असं डच कंपनीचं फर्मान होतं. १६८७ मध्ये जाफन्याला पोचेपर्यंत दोघांनाही हगवण लागली होती. उपऱ्या रोग्यांना गावात कोण ठेवून घेणार? त्यांना बाहेर काढलं. एका बाईने कांजी आणून घातली म्हणून ते जगले, असं चरित्रकार सांगतात.

अंगात त्राण आल्यावर वाझनी जे केलं ते मला सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं. भाषा येत नाही, ओळखदेख नाही, कॅथलिक कोण आणि कंपनीचा खबऱ्या कोण हे विचारायची सोय नाही. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. प्रत्येक दारात ते तोंडाकडे बघत. कोणी हाकलून देई, कोणी मूठभर भात घाली. आणि एखाद्या घरात माळेवर नजर गेली की भीक घालणाऱ्याचा हात थबकत असे. ते घर लक्षात ठेवायचं. असं एकेक घर जोडत त्यांनी तीस वर्षं लपून राहिलेला समाज शोधून काढला. रात्री मिस्सा, पहाटेच्या आत पांगापांग. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांची धाड पडली, भाविक पकडले गेले, फटके खाल्ले. वाझ हाती लागले नाहीत.

तिथून पुत्तलम आणि १६९२ मध्ये कँडी. डोंगरातलं हे बौद्ध राज्य अजून स्वतंत्र होतं. तिथे पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना कैद झाली. कैदेत त्यांनी सिंहली शिकायला घेतली. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याला हळूहळू कळलं की या कृश माणसाच्या मागे कोणाचं आरमार नाही. अवर्षणात वाझनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला म्हणून राजाने त्यांना मोकळं केलं, अशी कथा आहे. ज्याला ती खरी मानायची त्याने मानावी. मला १६९७ ची देवीची साथ अधिक बोलकी वाटते. कँडीत साथ पसरली तेव्हा ज्यांना पळता आलं ते पळाले आणि रोग्यांना रानात नेऊन टाकण्यात आलं. वाझ आणि गोव्याहून नुकतेच आलेले जुझे कार्व्हालो यांनी रानात झोपड्या बांधल्या, जखमा धुतल्या, पेज भरवली, मेलेल्यांना पुरलं. रोगी कॅथलिक की बौद्ध, हे कोणी विचारलं नाही. त्यानंतर राज्यात वाझना कोणी अडवलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती लेखांत दबक्या आवाजात आली आहे. वाझ जाफन्यात डचांपासून लपत होते त्याच काळात त्यांच्या मायभूमीत, गोव्यात, इन्क्विझिशन जोरात होतं. देवळं पाडून झाली होती, हिंदूंच्या लग्नमुंजींवर बंदी होती, चुगल्या आणि तुरुंग चालू होते. ज्या चर्चची गोव्यात अशी दहशत होती, त्याच चर्चच्या माणसाला आसरा मिळाला तो एका बौद्ध राजाकडे. वाझ याला जबाबदार नव्हते, पण त्यांचं चरित्र वाचताना हे बाजूला ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर वाझ जितके मोठे झाले ते पाठीशी सत्ता नव्हती म्हणूनच. तोफा बरोबर असत्या तर कँडीच्या राजाने त्यांना नि त्यांच्या देवाला डोंगराखालीच अडवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

ओरेटरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोऱ्यांनी दार लावलं म्हणून ज्यांनी स्वतःचं घर बांधलं, त्यांनी त्या घराला जातीचा उंबरा घातला. ओरेटरीत बामण पाद्रीच घेतले जात. चारडो या दुसऱ्या जातीच्या पाद्र्यांना पुढे चिंबलला आपली वेगळी संस्था काढावी लागली. धर्म बदलला, नावं बदलली, पंगत तीच राहिली. आणि त्या जॉनबद्दल तर चरित्रांत एवढंच मिळतं की तो होता. तोही तोच समुद्र ओलांडून गेला, त्यालाही हगवण लागली, तोही कैदेत पडला. त्याचा सण कुठे होत नाही.

वाझ १६ जानेवारी १७११ ला कँडीत वारले. मधल्या काळात त्यांना बिशपच्या दर्जाचं पद देऊ केलं गेलं होतं, ते त्यांनी नाकारलं. त्यांची कबर आज सापडत नाही. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्य घोषित केलं आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच गॉल फेस मैदानावर संत. गोव्यात तेव्हा आनंद झाला तसा थोडा रुसवाही दिसला, कारण आपला माणूस तिकडचा म्हणून ओळखला जाऊ लागला होता. पण चोवीसेक वर्षं ज्यांनी त्यांना सांभाळलं त्यांचा हक्क मोठाच.

जाकोम गोन्साल्विस यांच्यावरचा लेख त्या मानाने आखूड आहे, तो वाढवायला हवा होता. १६७६ मध्ये दिवाडीला जन्म, १७०५ मध्ये श्रीलंकेत दाखल. वाझनी समाज शोधला, गोन्साल्विसनी त्याला वाचायला पुस्तकं दिली. तमिळ आणि सिंहली या दोन्ही भाषा ते इतक्या खोल शिकले की सिंहलीतल्या कॅथलिक साहित्याचे जनक तेच मानले जातात. ‘देव वेद पुराणय’ हा त्यांचा मोठा ग्रंथ. मिशनकडे छापखाना नव्हता, हाताने नकला करून पुस्तकं गावोगाव जात. १७४२ मध्ये बोलवत्त इथे ते वारले. मराठी वाचकाला इथे फादर स्टीफन्स आठवल्याशिवाय राहणार नाहीत. इंग्लंडहून आलेल्या त्या जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं आणि गोव्याच्या चर्चांतून वाचलं गेलं. शंभरेक वर्षांनी त्याच गोव्याचा माणूस दुसऱ्या बेटावर जाऊन दुसऱ्यांच्या भाषेत पुराण लिहीत होता. मधल्या काळात काय घडलं होतं? १६८४ मध्ये, म्हणजे ओरेटरी सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की देशी लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्यांना स्वतःची भाषा टाकायला सांगितली होती ते दुसऱ्यांची भाषा शिकायला निघाले. यावर एक स्वतंत्र पुस्तक होईल.

गोव्याची ओरेटरी जवळजवळ दीडशे वर्षं श्रीलंकेला माणसं पाठवत राहिली. पुढे पोर्तुगालने धर्मसंघच बंद केले आणि १८३५ मध्ये ओरेटरीचं दार लागलं. सांकवाळचं जुनं चर्च १८३४ मध्ये जळालं, त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. जुन्या गोव्यातलं चमत्कारी क्रुसाचं चर्च पडकं झालंय. पर्यटक बॉम जेझूला रांग लावतात, या टेकडीकडे कोणी वळत नाही.

संग्रहाचा उत्तरार्ध आजच्या माणसांचा आहे. वसईच्या धर्मग्रामांतून आणि गोव्याच्या गावांतून सिस्टर, फादर, ब्रदर आजही परदेशी जातात. कोणी आफ्रिकेत दवाखाना सांभाळतं, कोणी युरोपातल्या रिकाम्या होत चाललेल्या चर्चमध्ये चार म्हाताऱ्यांसाठी मिस्सा करतं. हे दुसरं काम दिसायला किरकोळ, पण चक्र कसं उलटं फिरलं ते त्यात दिसतं. या लेखांत मोठ्या घटना नाहीत. थंडीची तक्रार आहे, भाषेची फजिती आहे, सुकटीची आठवण आहे, आईच्या मयताला पोचता आलं नाही हे आहे. मला हे लेख पूर्वार्धाहून खरे वाटले, कारण अजून यांना कोणी संत केलेलं नाही.

कॅथलिक माणसाचं नाव ज्या चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एकदा चढतं ते तिथून कधी निघत नाही. तो कुठेही गेला, लग्न झालं, दीक्षा घेतली, अखेरची व्रतं घेतली, की त्याची नोंद त्याच पानावर समासात होते. त्यामुळे कोण गेलं आणि कधी गेलं हे आपल्या चर्चांना नेमकं ठाऊक असतं. तिथे त्याचं काय झालं, हे मात्र कुठल्याच वहीत नसतं. १७४५ मध्ये ओरेटरीच्याच सेबास्तियांव दो रेगो यांनी वाझचं चरित्र लिस्बनला छापून आणलं, म्हणून आपल्याला ती जपमाळ नि ती कांजी माहीत आहे. इतर शेकडो लोकांचे रेगो झाले नाहीत.

धर्मांतराबद्दल वाचकाची मतं तीव्र असतील. असू द्यावीत, हे पुस्तक ती बदलायला निघालेलं नाही. मात्र वसई-गोव्याकडच्या वाचकांना एक विनंती. परदेशी गेलेल्या मावशीची, काकांची, भावाची पत्रं अजून घरात कुठेतरी असतील, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाने एकमेकांना चिकटलेली. ती रद्दीत घालण्याआधी पाकिटावरची तारीख आणि गावाचं नाव वहीत उतरवून घ्या, फोटोच्या मागे कोण आहे ते लिहा, आणि एक प्रत आपल्या धर्मग्रामात द्या. संपादकांनी दुसऱ्या खंडाची तयारी सुरू केली आहे.